धुळ्याचे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर

इंदुराहून आग्रा मार्गाने मुंबईकडे निघालेला यात्रेकरू सेंधव्यापुढील बिजासन घाट उतरून तापी ओलांडतो आणि धुळ्यास येतो. इ. स. १९३५ मध्ये स्थापन झालेले श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर याच नगरीत आहे. मठामठांतून आणि घराघरांतून आलेल्या जुन्या पोथ्यांचे हे निवासस्थान होय.

पूर्वी मठांतून पोथ्यांची अवस्था मोठी विलक्षण असे. रुमालात बांधलेली पोथी देव्हाऱ्याशेजारी राही. तिला नित्य गंध-फूल वाहिले जाई, परंतु वर्षानुवर्षे गाठ म्हणून सुटत नसे. आत वाळवी आपले काम करीतच असे. पाने जीर्ण झाली की पोथी अग्नीस देववत नसे, रद्दीत टाकवत नसे. मग ती भक्तिभावाने नदीस अर्पण होई. अनादराने जेवढे वाङ्मय गेले, त्याहून कमी या आदराने गेले नसावे!

ही हानी थांबविण्यासाठी झटले ते धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८). याच नावाचे काँग्रेसचे पुढारी निराळे. व्यवसायाने वकील असलेल्या देवांनी १८९३ साली स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे रामदासी मठांतील बाडांचा शोध चालविला. डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या हस्ताक्षराच्या प्रतीवरून त्यांनी १९०५ साली दासबोध छापून प्रसिद्ध केला. मठातील बाड दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे गुरुपरंपरेची ठेव उंबऱ्याबाहेर जाऊ देणे. ज्यांनी ते दिले, त्यांचा त्याग द्रव्यदानाहून थोर मानिला पाहिजे. ती पोथी पुढे एका घराण्याची न राहता सर्वांची झाली.

इतिहासाचार्य राजवाड्यांचा देहान्तही १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच झाला, आणि त्यांच्या मागे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. एकाच गावी जुन्या कागदांची अशी दोन घरे झाली.

वाग्देवता मंदिरातील सर्वांत मोलाची ठेव म्हणजे समर्थांनी स्वहस्ते लिहून काढलेले वाल्मीकिरामायण. नाशिकनजीक टाकळीस तपश्चर्या चालू असता, ऐन तारुण्यात त्यांनी ते लिहिले, अशी परंपरा आहे. ग्रंथकर्ते होण्यापूर्वी समर्थ दुसऱ्याच्या ग्रंथाचे लेखनिक झाले होते, हे त्या पानांपुढे उभे राहिले म्हणजे डोळ्यांना दिसते.