इंप्लांटभोवतीचा हिरडीदाह

जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या इंप्लांटभोवती जिवाणूंचा थर साचून हिरडीला येणारी सूज. स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये रुग्णाच्या जबड्यात असे इंप्लांट बसवले. हाड टायटॅनियमला घट्ट धरते. हिरडीची पकड मात्र कच्चीच राहते. नैसर्गिक दाताच्या मुळात तिचे तंतू आडवे रुतलेले असतात, इंप्लांटला ते बहुतांशी समांतर, नुसते लगटून असतात. रक्तपुरवठाही तोकडा.

सूज हिरडीपुरती असेल तर नीट सफाईने ओसरते. हाड झिजू लागले की प्रकरण वेगळे. गेलेले हाड सहसा पूर्ववत भरून येत नाही. शिवाय हा विकार बऱ्याचदा दुखत नाही आणि ब्रशला रक्त लागले तरी रुग्ण ते मनावर घेत नाही. २०१७ च्या हिरडीरोगविषयक जागतिक कार्यशाळेच्या निकषांनुसार, तुलनेला जुना एक्स-रे नसल्यास, तपासताना रक्त वा पू, ६ मिमी. किंवा अधिक खोल फट आणि ३ मिमी. किंवा अधिक हाडझीज यांवरून निदान होते. पूर्वीचा पायोरिया हे मोठे जोखीमकारण. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेहही घातक. इंप्लांटवर कॅप चिकटवताना हिरडीखाली उरलेले सिमेंटही सूज आणू शकते, ते मात्र अनेकदा नजरेतून सुटते.