स्नेअर ड्रम पाच-सहा आहेत, ठेवायचे कोणते?

मनोरीसारख्या किनाऱ्यावरच्या ईस्ट इंडियन गावात ड्रमवाल्याला चर्चमधली हळुवार साथही करावी लागते आणि लग्नातला दणदणीत ठेकाही. दोन्ही कामं करणारे दोन ड्रम पुरतात.

स्नेअर म्हणजे काय?
ड्रमच्या खालच्या पातळ पडद्याला टेकलेल्या तारा. वर काठी पडली की त्या थरथरतात आणि कुरकुरीत आवाज येतो.

पहिला: 14 इंच व्यासाचा, 5 ते 5.5 इंच खोल, ॲल्युमिनियमचा. आवाज स्वच्छ, हळू वाजवलं तरी तारा बोलतात. लुडविग कंपनीचा असाच 'सुप्राफॉनिक' 1960च्या दशकापासून स्टुडिओंमध्ये लोकप्रिय आहे.

दुसरा: 14 इंच व्यासाचा, 6.5 इंच खोल, मेपल लाकडाचा. आवाज भरदार आणि गोलसर.

काय विकता येईल?
3.5 इंच खोल पिकोलो. आवाज तीक्ष्ण, पण उपयोग मर्यादित.

कसं ठरवायचं?
आधी जुने पडदे आणि तारा बदला. अनेकदा दोष तिथेच असतो. मग प्रत्येक ड्रम सैल, मध्यम आणि घट्ट ताणून वाजवा. तिन्ही वेळा चांगला वाजला, तर तो ठेवा.

खाऱ्या हवेचं काय?
ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, पण स्टीलच्या तारा, कडी आणि स्क्रूंना चढतो. लाकूड पावसाळ्यात ओल धरतं. म्हणून वाजवून झाल्यावर ड्रम कोरड्या फडक्याने पुसा. माळ्यावर गंजणाऱ्या सहांपेक्षा नीट राखलेले दोन जास्त उपयोगी पडतात.