गोडसे भटजींचा प्रवास
गोडसे भटजींचा प्रवास : अल्प खर्चाच्या पायी भ्रमंतीचा मराठीतील प्रसिद्ध दाखला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याचे कळल्यावर पेणजवळच्या वरसईचे कर्जबाजारी भिक्षुक विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळण्याच्या आशेने १८५७ मध्ये काका रामभटांसह निघाले. वाटेतच इंग्रजांविरुद्धच्या उठावाशी गाठ पडली. ग्वाल्हेरहून ते झाशीला गेले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी लुटली, त्यात भटजींचा पैसाही गेला. पुढे भिक्षुकीवर गुजराण करीत त्यांनी काशी गाठली. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. त्यांचा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला.