पाच वर्षांचा खर्च कोणी उचलायचा? 1942 चे निवेदन, नागसेनवन आणि वास्तुकलेची पदवी

बारावीचा निकाल लागला की औरंगाबादच्या (शासनाच्या कागदावर आता छत्रपती संभाजीनगर) भीमनगर, उस्मानपुरा, मुकुंदवाडीतून एकच प्रश्न कानावर येतो : आर्किटेक्चर करायचे आहे, कुठले कॉलेज परवडेल? विचारणारी पोरे हुशार असतात. काहींचे बाप गवंडी असतात, सेंट्रिंगवाले असतात. इमारती आपल्या लोकांनी बांधल्या, पण नकाशावर सही दुसऱ्याची राहिली. ती सही आपल्या पोराची व्हावी, ही इच्छा साधी नाही. म्हणूनच ‘परवडणे’ म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. आणि त्यासाठी कॉलेजच्या माहितीपत्रकाआधी इतिहास उघडावा लागतो.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आपल्या भाषणांत फारसा येत नाही, याचे मला नवल वाटते. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपला समाज पुढे जाणार नाही, त्याला विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी तिथे मांडले. हे शिक्षण महाग असते आणि आपल्या आईबापांना ते झेपणारे नाही, म्हणून खर्च सरकारने उचलावा. मागणीही आकड्यांत होती : देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला 2 लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी 1 लाख. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या मुलांसाठी का नाही, हा त्यांचा बिनतोड सवाल होता.

1944 पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर जी ‘भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती’ आपण भरतो, तिचे मूळ इथे आहे. म्हणून ‘फुकट शिकतात’ असे कुणी टोमणा मारला तर त्याला 1942 चे साल सांगा. महाग शिक्षणाचाच खर्च सरकारने करावा, हा त्या मागणीचा गाभा होता.

आता मराठवाड्याकडे या. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ 1918 पासून होते, पण ते हैदराबादला आणि शिकवणे उर्दूतून. औरंगाबादला इंटरमिजिएटपर्यंतची सोय होती. पुढे शिकायचे तर शेकडो किलोमीटर दूर, परक्या भाषेत आणि राहण्या-जेवणाचा खर्च अंगावर घेऊन. गावकुसाबाहेरच्या पोराला फी माफ केली असती तरी तो तिथे टिकला असता का?

बाबासाहेबांनी हा हिशोब बरोबर ओळखला होता. 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. 1946 ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. जून 1950 मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय सुरू झाले, तेच आपले मिलिंद. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. बांधकाम चालू असताना बाबासाहेब स्वतः येऊन बारीकसारीक गोष्टी पाहत, झाडे लावून घेत. राजगृहाचा आराखडा पुस्तकांच्या गरजेनुसार करून घेणारा हा माणूस. नागसेनवनातही वर्गांइतकेच महत्त्व वसतिगृहाला होते. खेड्यातून आलेल्या पोराला झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल, तर वर्ग कितीही चांगला असो, तो परत जातो. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते 1958 ला, मिलिंद निघाल्यावर आठ वर्षांनी. त्याला बाबासाहेबांचे नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. त्यासाठी 1978 ला किती घरे जळाली, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

हीच मोजपट्टी वास्तुकलेला लावा. अभ्यासक्रम पाच वर्षांचा. फी हा खर्चाचा एक भाग झाला. शीट, मॉडेलचे सामान, प्लॉटिंग, चांगला लॅपटॉप आणि अभ्यासदौरे यांचे पैसे शिष्यवृत्तीत बसत नाहीत. पोरे गळतात ती बहुधा या खर्चापायी, बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे.

तेव्हा निवडताना पहिले पाहायचे ते कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता. 1972 च्या कायद्यानुसार त्या नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मग प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातली जागा ‘लगेच मिळते’ म्हणून घेतली की शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते. एजंट हे सांगत नाही. जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला टाका. खासगी महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. खासगी विद्यापीठ असेल तर कोणती शिष्यवृत्ती कोणत्या शासन निर्णयाने लागू होते, हे लेखी मागा. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

आणि लांबचे नाव ऐकून घाबरू नका. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकलेचे शिक्षण 1913 पासून आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत प्रवेश जेईई मेनच्या दुसऱ्या पेपरवर होतो, आणि एनआयटींमध्ये अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. खरगपूर आणि रुरकी आयआयटीतही तसेच. घराजवळचे महाग कॉलेज आणि नागपूरचे वसतिगृह यांचा पाच वर्षांचा जमाखर्च कागदावर मांडला, तर दूरचेच पुष्कळदा स्वस्त निघते. शासकीय वसतिगृह नाही मिळाले तर स्वाधार योजना आहे. नागपूर-पुण्यात वर्षाला 60,000 आणि संभाजीनगरला 51,000 रुपये, उत्पन्नाची अट अडीच लाखांची. हे पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या वर्षाची तजवीज वेगळी ठेवा. समाजकल्याणच्या दारात हेलपाटे घालायला एकट्या पोराला पाठवू नका, संघटनेने सोबत जावे.

पण पोरांनी नागपूर-मुंबई गाठावी, एवढ्यावर आपण का थांबायचे? संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून उभे आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या जिल्ह्यात, जिथे डोंगर कोरून विहार आणि चैत्यगृहे उभी राहिली, तिथे शासनाला वास्तुकलेचे महाविद्यालय काढावेसे वाटले नाही. चाळीस विद्यार्थ्यांची एक तुकडी, सोबत मुलामुलींचे वसतिगृह, एवढीच ही मागणी. 1942 च्या मागणीपुढे ती फार लहान आहे. नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटवर दरवर्षी लाखो लोक येतात, निवेदनेही दिली जातात. येत्या 14 जानेवारीच्या निवेदनात ही ओळ घाला, आणि खाली बारावीच्या पोरापोरींच्या सह्या घ्या.

जय भीम!