वेतन आणि व्रत : मॉर्टन ओल्सेन यांची कारकीर्द

विद्या विकूं नये, असें आपल्याकडील जुन्या शास्त्रीमंडळींचें सांगणें असे. शिष्यानें गुरुदक्षिणा द्यावी, पण गुरूनें महिन्याचा पगार ठरवून शिकवूं नये; तसें केलें कीं विद्येचें तेज जातें, अशी त्यांची श्रद्धा होती. युरोपच्या उत्तरेस असलेल्या डेन्मार्क या लहानशा देशानें फुटबॉलच्या खेळाविषयीं अशीच एक श्रद्धा जवळजवळ नव्वद वर्षें उराशीं बाळगली. खेळावें तें हौसेनें. पोटासाठीं खेळणें म्हणजे खेळाला बट्टा लावणें, असा तेथील दंडक होता. हा दंडक कसा मोडला, आणि तो मोडल्यानें देशाचें बरें झालें कीं वाईट, याचा इतिहास एका माणसाच्या चरित्रांत जवळजवळ सबंध सांपडतो. त्या माणसाचें नांव मॉर्टन ओल्सेन.

डेन्मार्कची फुटबॉल संघटना स्थापन झाली ती १८८९ सालीं. १९०८ सालीं लंडन येथें व १९१२ सालीं स्टॉकहोम येथें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत डेन्मार्कनें रौप्यपदक मिळविलें. १९०८ च्या संघांत हॅराल्ड बोर नांवाचा एक तरुण होता. अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचा हा धाकटा बंधु पुढें स्वतः विख्यात गणिती झाला. असल्या मंडळींना पोटापाण्याचा वेगळा उद्योग असे. फुटबॉल हा त्यांचा विरंगुळा होता. परंतु काळ पालटला. १९४८ सालीं लंडन येथेंच डेन्मार्कला कांस्यपदक मिळालें, आणि इटलींतील श्रीमंत क्लबांचे डोळे या खेळाडूंकडे वळले. जॉन हॅन्सन आणि कार्ल ओगे प्रेस्ट हे तुरिन येथील युव्हेंटस क्लबांत गेले. १९५१-५२ च्या हंगामांत तर हॅन्सन यांनीं ३० गोल करून इटलींतील सर्व खेळाडूंना मागें टाकलें. मायदेशीं या पराक्रमाचें फळ काय मिळालें? ज्यानें वेतन घेतलें त्याला राष्ट्रीय संघाचें दार बंद! देशांतील उत्तमोत्तम खेळाडू परक्यांसाठीं खेळत राहिले, आणि देश मात्र उरलेल्यांवर भागवीत राहिला.

अशा परिस्थितींत १४ ऑगस्ट १९४९ रोजीं व्हॉर्डिंगबोर्ग या गांवीं मॉर्टन ओल्सेन यांचा जन्म झाला. १९७० सालीं ते राष्ट्रीय संघांतून प्रथम खेळले, आणि त्याच वर्षीं बेल्जममधील ब्रूज शहरच्या सेर्क्ल या क्लबांत धंदेवाईक खेळाडू म्हणून दाखल झाले. वीस-एकवीस वर्षांच्या तरुणापुढें देशाचा सदरा कीं पोटाची भाकरी, असा हा पेंच होता. सुदैवानें तो फार काळ टिकला नाहीं. परदेशीं वेतन घेऊन खेळणाऱ्यांना राष्ट्रीय संघांत घेण्यास १९७१ सालीं डॅनिश संघटनेनें परवानगी दिली. मायदेशांतील क्लबांना मात्र वेतन देण्याची मुभा मिळण्यास १९७८ साल उजाडावें लागलें.

ओल्सेन बेल्जममध्यें राहिले ते तब्बल सोळा वर्षें. १९७२ सालीं ते ब्रुसेल्स येथील एका क्लबांत गेले. हा क्लब लौकरच दुसऱ्या एका क्लबाशीं एक होऊन मोलेनबेकच्या नांवानें ओळखला जाऊं लागला, आणि १९७५ सालीं त्यानें बेल्जमचें अजिंक्यपद जिंकलें. ओल्सेन आरंभीं पुढच्या व मधल्या फळींत खेळत. पुढें ते मागें सरकत बचावफळीच्याही पाठीमागील मोकळ्या रक्षकाच्या जागीं स्थिरावले. या जागेला इटालियन नांव आहे लिबेरो. त्याच्यावर अमुक एका प्रतिस्पर्ध्याला अडविण्याचें बंधन नसतें. सगळ्यांच्या हातून निसटलेला चेंडू त्यानें अडवावा, आणि लगेच तोच चेंडू घेऊन आपल्या चढाईचा आरंभ करावा. सबंध मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असतें. म्हणून या जागीं नुसत्या चपळाईपेक्षां विचार अधिक लागतो. ओल्सेन यांच्यांतील शिक्षकाची घडण येथेंच झाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१९८० सालीं ब्रुसेल्सच्याच अँडरलेख्ट या बलाढ्य क्लबानें त्यांना बोलावून घेतलें. तेथें त्यांनीं १९८१, १९८५ आणि १९८६ अशीं तीन वर्षें बेल्जमचें अजिंक्यपद पाहिलें. १९८३ सालीं पोर्तुगालच्या बेन्फिका संघास हरवून अँडरलेख्टनें युएफा चषक जिंकला. पुढच्याच वर्षीं त्या चषकाची अंतिम लढत इंग्लंडच्या टॉटनहॅमशीं झाली. दोन्ही सामने बरोबरींत सुटले आणि निकाल पेनल्टींवर आला. अँडरलेख्टतर्फे पहिली पेनल्टी ओल्सेन यांनीं मारली. टॉटनहॅमच्या गोलरक्षकानें ती अडविली, आणि चषक हातचा गेला.

इकडे डेन्मार्कमध्यें १९७९ सालीं सेप पिओंटेक या जर्मन गृहस्थांची राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. बेल्जम, हॉलंड, जर्मनी, इटली अशा देशांत वेतन घेऊन खेळणारे डॅनिश तरुण त्यांनीं एकत्र केले. या संघाचे कप्तान ओल्सेन. १९८३ च्या सप्टेंबरांत या संघानें लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंडला एका गोलानें हरविलें. १९८४ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या सामन्यांत युगोस्लाव्हियावर पांच गोल चढविले. उपांत्य सामन्यांत मात्र स्पेनपुढें पेनल्टींवर हार खावी लागली. १९८६ सालीं मेक्सिकोंत डेन्मार्क जागतिक चषकाच्या मुख्य स्पर्धेंत प्रथमच उतरला, त्या वेळीं कप्तानाचें वय छत्तीस वर्षांचें होतें. स्कॉटलंड पडलें, उरुग्वेवर सहा गोल झाले, पश्चिम जर्मनी दोन गोलांनीं हरला. पण गंमत अशी कीं, जर्मनीवरील या विजयामुळेंच पुढच्या फेरींत गांठ पुन्हां स्पेनशीं पडली; पराभूत जर्मनीच्या वांट्यास मोरोक्को आला. स्पेननें डेन्मार्कचा ५-१ असा धुव्वा उडविला. ज्यांना वेतनामुळें देशप्रीति आटते असें वाटत होतें, त्यांचें तोंड मात्र या संघानें कायमचें बंद केलें.

ओल्सेन यांनीं शेवटचीं तीन वर्षें जर्मनींतील कोलोन क्लबांत काढलीं. १९८९ सालीं, चाळिशी गांठतां गांठतां, त्यांनीं खेळणें सोडलें. देशासाठीं ते १०२ सामने खेळले होते. शंभराचा आंकडा ओलांडणारे ते पहिले डॅनिश खेळाडू. लगेच १९९० सालीं त्यांनीं कोपनहेगननजीकच्या ब्रॉन्बी क्लबाचें शिक्षकपद पत्करलें. १९९० आणि १९९१ या दोन्ही वर्षीं ब्रॉन्बी डेन्मार्कचा अजिंक्य संघ ठरला. युएफा चषकांतही तो उपांत्य फेरीपर्यंत पोंचला आणि रोमच्या संघापुढें अगदीं अखेरच्या मिनिटांतील गोलानें हरला. पण लगेच पुढचा हंगाम बिघडला, आणि १९९२ च्या वसंतांत क्लबानें ओल्सेन यांस निरोप दिला.

त्यानंतर कांहीं आठवड्यांतच एक नवल घडलें. युगोस्लाव्हियास बाद केल्यामुळें ऐन वेळीं बोलावणें आलेला डेन्मार्कचा संघ, रिचर्ड म्योलर नीलसन यांच्या हाताखालीं, युरोपचा विजेता झाला. जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यांतील दोन गोल जॉन येन्सन आणि किम विलफोर्ट यांनीं केले. हे दोघेही ब्रॉन्बीचे, कालपरवांपर्यंत ओल्सेन यांच्या तालमींत तयार होत असलेले. गवंडी घरीं बसला आणि वास्तुशांत दुसऱ्याच्या हस्तें झाली.

पुढें कोलोन येथें दोन वर्षें काम करून १९९७ सालीं ओल्सेन हॉलंडच्या ॲजॅक्स क्लबांत गेले. चेंडू आपल्या पायांत राखावा, दोन्ही कडांनीं खेळ पसरावा, आणि प्रतिपक्षाच्या चुकीची वाट न पाहतां आपण होऊन चढाई करावी, हें त्या क्लबाचें जुनें तत्त्व. तेंच ओल्सेन यांचेंही. १९९८ सालीं त्यांनीं हॉलंडचें अजिंक्यपद आणि चषक दोन्ही मिळवून दिलीं. तरीही त्याच वर्षाअखेर त्यांना तेथून जावें लागलें.

२००० सालीं मातृभूमीनें त्यांना राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून बोलाविलें, आणि तें पद त्यांनीं पंधरा वर्षें संभाळलें. २००२ च्या जागतिक चषकांत डेन्मार्कनें विद्यमान विजेत्या फ्रान्सला दोन गोलांनीं हरवून स्पर्धेबाहेर घालविलें. २००४ सालीं युरोपीय स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गांठली. २०१० आणि २०१२ सालींही डेन्मार्क मुख्य स्पर्धांत होता. २०१२ सालीं तर ज्या हॉलंडकडून हा खेळ ओल्सेन शिकले, त्याच हॉलंडला त्यांच्या शिष्यांनीं हरविलें. अपयशेंही होतीं. २००७ सालीं कोपनहेगन येथें स्वीडनविरुद्ध तीन गोलांची पिछाडी भरून काढल्यावर एक प्रेक्षक पंचाच्या अंगावर धांवून गेला, आणि सामना स्वीडनला बहाल झाला. अखेर नोव्हेंबर २०१५ मध्यें त्याच स्वीडनकडून हार खाऊन युरोपीय स्पर्धेची वाट बंद झाली, आणि ओल्सेन यांनीं पद सोडलें.

त्यांच्या टीकाकारांचें म्हणणें असें कीं, ते एकाच पद्धतीस चिकटून बसले. खेळाडू बदलले तरी मांडणी बदलली नाहीं, आणि पंधरा वर्षें हा काळ फार झाला. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. खेळाडू म्हणून किंवा शिक्षक म्हणून राष्ट्रीय संघासह त्यांना एकही मोठा चषक लाभला नाहीं. देशाचा एकमेव युरोपीय विजय त्यांच्या दोन कालखंडांच्या बरोबर मध्यंतरीं पडला. पण इतिहासकारानें केवळ चषक मोजून भागत नाहीं. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीचा एक देश, जो आपल्या उत्तम खेळाडूंना वेतन घेतल्याच्या दोषावरून दाराबाहेर उभें करीत होता, तोच पुढें मोठमोठ्या राष्ट्रांच्या पंक्तीस बसूं लागला. त्या स्थित्यंतरांत खेळाडू म्हणून आणि शिक्षक म्हणून, दोन्ही वेळां शंभराहून अधिक सामन्यांचा भार या एका माणसानें वाहिला. जुन्या संघटकांची भीति होती कीं, वेतन आलें कीं व्रत जाईल. ओल्सेन यांनीं आयुष्यभर वेतन घेतलें. आणि व्रत इतक्या हट्टानें पाळलें कीं, शेवटीं टीकाकारांनीं त्यांना दोष दिला तो त्या व्रताबद्दलच.