हृदयाच्या झटक्याची ओळख

मध्यरात्री छातीत कळ उठून, घामाने चिंब होऊन एखादा धडधाकट गृहस्थ दगावला, की विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या मृत्यूचे कारण पुष्कळदा ‘तीव्र अजीर्ण’ असे नोंदले जाई. हृदयाच्या रोहिणीत साकळणारे रक्त वैद्यकाला अज्ञात होते असे नव्हे. परंतु ते दिसे शवविच्छेदनाच्या टेबलावर. हा आजार जिवंत माणसात ओळखता येईल आणि त्यातून माणूस वाचूही शकेल, हे बहुतेकांना पटत नव्हते.

ते ठामपणे मांडणाऱ्यांत कीव्ह येथील ओब्राझ्त्सोव्ह व स्त्राझेस्को (१९१०) हे अग्रणी. त्यांच्यामागून शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक. हेरिक यांचा रोगी ५५ वर्षांचा होता. जेवणानंतर तासाभराने त्याच्या छातीत कळ आली. अन्न बाधले असे समजून त्याने मुद्दाम वांती केली. (आपल्याकडे आजही अशा वेळी ओवा चावून किंवा सोडा पिऊन माणसे तास दोन तास घालवतात.) ५२ तासांनी तो गेला, आणि डाव्या हृद्रोहिणीत गुठळी सापडली. अशी गुठळी तत्काळ प्राण घेतेच असे नाही, रोग्यास पूर्ण विश्रांती द्यावी, असे हेरिक यांनी १९१२ साली विद्वत्सभेत सांगितले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्या श्रोत्यांना दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. हेरिक यांच्या हाती मुख्यतः रोग्यांच्या कहाण्या होत्या, आणि अजीर्णाने तळमळणाराही थोड्याफार फरकाने तीच कहाणी सांगतो.

कहाणीला आधार देणारे यंत्र मात्र तोवर युरोपात सिद्ध झाले होते. मानवी हृदयाचा विद्युत्प्रवाह प्रथम लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली टिपला. पुढे ते आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगला मिठाच्या पाण्यात उभे करून हा प्रयोग लोकांना दाखवीत. खरे यंत्र दिले ते लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी. यांचा जन्म जावा बेटावरील समारंगचा. केसाहून बारीक, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा तंतू त्यांनी प्रबळ लोहचुंबकात ताणला. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, आणि चालवायला पाच माणसे! रोग्यांना तेथवर आणणे कठीण, म्हणून दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने हृदयाची स्पंदने प्रयोगशाळेत आणली गेली. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हेरिक यांनी या यंत्राचा आश्रय घेतला. त्यांचे सहकारी फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या हृद्रोहिण्या बांधून आलेख घेतले, आणि १९१९ साली हेरिक यांनी रोग्याचा तसाच आलेख पुढे ठेवला. आता लोक ऐकू लागले. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड पार्डी यांनी एसटी रेषेचा तो विशिष्ट उठाव वर्णिला, जो आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी ओळखतो.

तथापि आलेखही कधी मूक राहतो. झटका खरा असून रेषा निर्दोष दिसते. तेथे रक्त उपयोगी पडले. मरणाऱ्या स्नायुपेशी फुटल्या की त्यांतील द्रव्ये रक्तात झिरपतात. न्यूयॉर्कमध्ये कारमेन, लाड्यू व व्रोब्लेव्स्की यांनी १९५४ साली असे एक ट्रान्सअमिनेज विकर दाखवले. पण ते यकृतातही विपुल, तेव्हा साक्ष संदिग्धच. निर्णायक ठरले ट्रोपोनिन. या प्रथिनाचा शोध जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात स्नायूंच्या आकुंचनाचा अभ्यास करताना लावला. रोगनिदान त्यांच्या ध्यानीमनीही नसावे. त्याचे हृदयातील रूप निराळे असते, म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याची रक्तपरीक्षा निघाली, आणि २००० साली झटक्याच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत त्याला अग्रस्थान मिळाले.

मात्र मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही ट्रोपोनिन वाढलेले आढळते, आणि झटक्यानंतर ते रक्तात चढायला वेळ लागतो. म्हणून पहिला निकाल निर्दोष आला तरी काही वेळाने रक्त पुन्हा तपासतात. उलट, रेषा स्पष्ट उचललेली असेल तर डॉक्टर रक्ताच्या निकालासाठी थांबत नाहीत. रोहिणी उघडण्याच्या तयारीला लागतात.