सातबाऱ्यावरचा नावाचा रकाना

सातबाऱ्यावर नाव कुठे आणि कसे छापायचे ही कारकुनी बाब समजली जाते. मला मात्र रकान्यांची आखणी महसुली इतिहासात कायद्याइतकीच वजनदार वाटते. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या होटगीकडे पाहिले की ते पटते. या पट्ट्यात अनेक घरांत कन्नड आणि चावडीवर मराठी चालते. सिद्धरामेश्वरांवरून ठेवलेले एकच नाव सिद्राम, सिद्धाराम, सिद्रामप्पा असे तऱ्हेतऱ्हेने लिहिले जाते. वतनदार कुलकर्ण्याच्या मोडी दप्तरात यामुळे काही अडत नव्हते, कारण तो माणसाला तोंडाने ओळखायचा. (ही ओळख तो कोणाच्या बाजूने वापरायचा, हा वेगळा आणि कमी गोड विषय.) १९०३च्या मुंबई कायद्याने हक्कनोंद आणली, १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतन संपले आणि दप्तर बदलीच्या पगारी तलाठ्याकडे गेले. माणूस ओळखण्याचे काम आता एकट्या कागदाला करावे लागणार होते, आणि रकान्याला खरी किंमत आली ती तेव्हा.

हस्तलिखित उताऱ्यात मयत खातेदाराचे किंवा फिटलेल्या बोजाचे नाव कंसात टाकायची पद्धत होती. तलाठ्याला तो कंस कळायचा, पण परगावाहून आलेल्या बँकेच्या अधिकाऱ्याला कळेलच असे नाही. संगणकाने हीच सवय जशीच्या तशी उचलली. सप्टेंबर २०२०मध्ये शासनाने नमुना बदलला तेव्हा कमी केलेल्या नोंदीवर सरळ आडवी रेघ आली. खाते क्रमांक ‘इतर हक्का’तून उठून खातेदाराच्या नावासमोर बसला आणि दोन खातेदारांमध्ये ठिपक्यांची रेघ पडली. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे वेगवेगळे दिसू लागले. या शेवटच्या बदलाला कोणी हसू नये. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५; घाईत मधले शून्य गळून १.५ झाले की वाचणारा दीड हेक्टर समजतो. फरक ४५ आरचा, म्हणजे एकराहून जास्त जमिनीचा.

यावर कायदा जाणणारे म्हणतील की सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावाच नव्हे. मालकी खरेदीखताने, वारसाने किंवा न्यायालयाच्या निवाड्याने ठरते, छपाईने नाही. हे खरेच आहे. पण जमीन महसूल संहितेचे कलम १५७ सांगते की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. मग ते उलट सिद्ध करायचे ओझे पडते ते रकान्यातून वगळलेल्या किंवा चुकीचे नाव पडलेल्या माणसावर. होटगी स्टेशनजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा आहे. अशा कामासाठी जमीन जाते तेव्हा नोटीस कोणाला धाडायची हे आधी उताऱ्यावरच पाहिले जाते. पीककर्जाचेही तसेच. हक्क छपाईने मिळत नसेल, पण दारापर्यंत येतो तो छापील नावाच्याच पत्त्याने.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ठरावीक साच्यात स्थानिक नाव कोंबले जाते. नाव, वडील, आडनाव हा मराठी क्रम प्रत्येक कन्नड घराला सोसतोच असे नाही. तरीही साचा मोडून कुलकर्ण्याच्या मर्जीकडे परतणे हा उपाय नव्हे, साचा रुंद करता येतो. १९९२च्या लक्ष्मी मुक्ती योजनेने नवऱ्याबरोबर बायकोचे नाव उताऱ्यावर चढवण्याची वाट काढून दिली. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम आला आहे. उद्या या मुलांची नावे वारसफेरफाराने सातबाऱ्यावर येतील आणि बापाचे नाव जुन्या क्रमाने, लेकाचे नव्या क्रमाने लागेल. तोवर आपला उतारा आणि आधार कार्ड शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा. लेखनातली चूक असेल तर त्याच संहितेच्या कलम १५५खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वारसाची वेळ येईपर्यंत थांबू नका.